थेरपिस्ट या कामात येतात कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"तुम्ही याच कामात कशा काय आलात?" हा प्रश्न मला क्लायंट विचारतात, शिकायला आलेली मुलं विचारतात, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेला अनोळखी माणूसही विचारतो. समोर कोण आहे हे बघून मी वर्षानुवर्षं वेगवेगळी उत्तरं देत आले. त्यातली काही सोयीची होती. इथे जरा सावकाश, सोय बाजूला ठेवून लिहिते.

थेरपिस्टच व्हायचं, असं कोणी लहानपणापासून ठरवतं का?

फार थोडे. बहुतेक जण निघालेले असतात दुसरीकडेच. क्लायंटला केंद्रस्थानी ठेवणारी थेरपी मांडणारे कार्ल रॉजर्स कॉलेजात गेले ते शेतीशास्त्र शिकायला. मग धर्मोपदेशक व्हायचं ठरलं. १९२२ साली ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या परिषदेसाठी ते चीनला जाऊन आले, नंतर न्यूयॉर्कच्या एका धर्मशिक्षण संस्थेत दोन वर्षं काढली, आणि तिथून रस्ता ओलांडून समोरच्या अध्यापक महाविद्यालयात मानसशास्त्राला गेले. पुढची बारा वर्षं त्यांनी अडचणीत सापडलेल्या मुलांबरोबर काम केलं. नंतर जे सिद्धांत मांडले त्यांची मुळं तिथे आहेत.

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉईड यांना प्रयोगशाळेतच राहायचं होतं. पण लग्न करायचं तर कमाई हवी, म्हणून १८८६ साली त्यांनी दवाखाना थाटला. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी, ज्यांच्या नावाशी जोडली जाते ते आरन बेक मज्जाविकारतज्ज्ञ व्हायला निघाले होते. प्रशिक्षणात मनोविकार विभागाला माणसं कमी पडत होती, म्हणून त्यांना तिकडे पाठवलं, आणि ते तिकडचेच झाले.

आमच्या थेरपीच्या प्रशिक्षणवर्गात एक परिचारिका होती, दोन शिक्षिका होत्या, एक निवृत्त वैमानिक होते, आणि नऊ वर्षं लोकांची हिशेबाची वहीखातं तपासून आलेली मी.

स्वतः काही भोगलेलं असल्याशिवाय हे काम येत नाही, हे खरं आहे का?

हा सगळ्यात लाडका समज आहे, आणि निम्माच खरा आहे.

ग्रीक पुराणात कायरॉन नावाचा एक अश्वमानव आहे. त्याला हेराक्लीसचा विषारी बाण चुकून लागतो. तो अमर असल्यामुळे मरता येत नाही आणि जखमही भरत नाही. हाच कायरॉन पुढे वैद्यकाचा देव झालेल्या अस्क्लेपियसचा गुरू. मनोविश्लेषक कार्ल युंग यांनी या कथेचा आधार घेऊन 'जखमी वैद्य' ही कल्पना मांडली, आणि तेव्हापासून आमच्या धंद्यात ती इतकी फिरली आहे की आता परिचयपत्रावरच्या शिक्क्यासारखी वापरली जाते.

उदाहरणं आहेतच. मानसोपचारक आल्फ्रेड अॅडलर लहानपणी मुडदूसाने आजारी होते, धाकटा भाऊ लहान वयातच गेला, आणि स्वतः न्यूमोनियातून कसेबसे वाचले. डॉक्टर व्हायचं त्यांनी तेव्हाच ठरवलं. न्यूनगंडाबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं ते याच माणसाने. संमोहनाने उपचार करणारे मिल्टन एरिक्सन यांना सतराव्या वर्षी पोलिओ झाला. अंथरुणाला खिळून असताना घरातली माणसं बोलतात एक आणि शरीराने सांगतात दुसरंच, हे ते बघत राहिले.

पण व्हिक्टर फ्रँकल यांची गोष्ट लोक उलटी सांगतात. नाझींच्या छळछावणीने त्यांना मानसोपचारक बनवलं, असं मी कितीतरी भाषणांत ऐकलं आहे. मुळात छावणीत जाण्याच्या बरीच वर्षं आधी ते डॉक्टर होते. तिशीच्या आत त्यांनी व्हिएन्नात विद्यार्थ्यांसाठी मोफत सल्लाकेंद्रं उभी केली होती, आणि पुढे आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या स्त्रियांच्या विभागात काम केलं होतं. ऑशविट्झला पोचले तेव्हा त्यांच्या कोटात स्वतःच्या सिद्धांताचं हस्तलिखित होतं. ते हिसकावून घेतलं गेलं. म्हणजे छावणीत काम घडलं नाही, केलेल्या कामाची कसोटी लागली.

जखम ही पदवी नव्हे, असं मी शिकाऊ मुलांना रोखठोक सांगते. ज्याने घटस्फोट भोगला आहे त्याला घटस्फोट कळतो खरा, पण कुठला? स्वतःचा. समोरच्याचा वेगळा असू शकतो. क्लायंट बोलत असताना "अगदी माझ्यासारखंच" असं मनात आलं, की मी पेन खाली ठेवते. त्या क्षणापासून माझं ऐकणं बंद होऊन आठवणं सुरू झालेलं असतं.

मग तुमची वाट कुठून सुरू झाली?

ऐकणाऱ्यांना नाट्य हवं असतं. ते माझ्याकडे नाही.

माझी आई बरीच वर्षं खोल उदासीनतेने आजारी होती. शाळेतून आल्यावर मी दप्तर बाहेरच ठेवायचे आणि आतल्या खोलीच्या दाराची कडी कशी वाजते ते ऐकायचे. कडी हलकेच, एका दमात सरकली, तर आजचा दिवस बरा. अडखळत, दोनदा मागे येऊन सरकली, तर धाकट्या भावाला खेळायला घेऊन बाहेर निघायचं. मला कोणी हे शिकवलं नव्हतं. प्रत्येक अशा घरात एक मूल हवामान खातं होतं, आमच्या घरात ते मी होते.

पुढे समजलं, की आमच्या व्यवसायात अशा हवामान खात्यांची कमी नाही. मनोविश्लेषक अॅलिस मिलर यांनी १९७९ साली हेच मांडलं होतं: आईवडिलांच्या गरजा ओळखायला फार लवकर शिकलेली मुलं मोठेपणी या कामाकडे ओढली जातात, कारण ही नजर त्यांच्याकडे आधीच तयार असते. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला होता. मला वाटत होतं मी स्वतः निवडलं आहे.

हिशेबाच्या नोकरीत मी वाईट नव्हते. पण ताळेबंद समजावताना समोरच्या मालकाचा आवाज कुठे खाली जातो, याकडेच माझं लक्ष असायचं. एकदा एक जण आकड्यांवर बोट ठेवून दहा मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला, "भावाला काय सांगू?" मला त्या भावात रस होता, आकड्यांत नव्हता. पुढच्याच वर्षी थेरपीच्या शिक्षणाला प्रवेश घेतला.

वय झालंय, मानसशास्त्राची पदवीही नाही. आता उशीर झाला का?

वयाचा अडसर नाही. चाळिशीनंतर आलेल्या माणसांना एक फायदाच असतो, त्यांना गप्प बसवतं.

मनोविश्लेषक म्हणून नाव झालेले एरिक एरिक्सन (वरचे मिल्टन वेगळे) हे आधी चित्रकार होते, भटकत होते, आणि आयुष्यात कधी विद्यापीठाची पदवी घेतली नाही. १९२७ साली व्हिएन्नातल्या एका छोट्या शाळेत शिकवायला गेले, तिथे सिग्मंड फ्रॉईड यांच्या कन्या अॅना फ्रॉईड यांच्याकडे मनोविश्लेषण शिकले, आणि पुढे हार्वर्डला प्राध्यापक झाले. स्वतःचे खरे वडील कोण हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. 'ओळखीचं संकट' हा शब्दप्रयोग रूढ केला तो याच माणसाने, यात मला तरी नवल वाटत नाही. अॅना फ्रॉईडही आधी शाळामास्तरीणच. मानसोपचारक अल्बर्ट एलिस यांची पहिली पदवी व्यापारशास्त्राची.

डॉक्टर नसलेल्याने हे काम करावं का, यावर तर १९२६ साली व्हिएन्नात प्रकरण तापलं होतं. थिओडोर राइक या डॉक्टर नसलेल्या मनोविश्लेषकावर भोंदूगिरीचा आरोप झाला, तेव्हा फ्रॉईड यांनी त्यांची बाजू घेऊन अख्खं पुस्तक लिहिलं.

पण एरिक एरिक्सनचं उदाहरण देऊन कोणी शिक्षण टाळू नये. तेव्हा नियम नव्हते. आता जिथे राहता तिथल्या कायद्याने मान्य केलेलं शिक्षण आणि नोंदणी लागतेच, आणि लागावीच. शनिवार-रविवारच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर शोभतं, त्याने कोणाच्या आत्महत्येच्या विचाराला हात घालता येत नाही.

मित्रमैत्रिणी सगळं मलाच येऊन सांगतात. म्हणजे मी चांगला थेरपिस्ट होईन का?

कदाचित. किंवा कदाचित तुम्हाला "आज नको" म्हणता येत नसेल. दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं.

शिक्षणात असं काय असतं जे पुस्तकात मिळत नाही?

दोन गोष्टी. एक म्हणजे स्वतःची थेरपी. जो दुसऱ्याचं मन उलगडणार त्याने आधी स्वतःचं कोणासमोर तरी उलगडावं, हा आग्रह युंग आणि त्यांच्या झुरिकच्या मंडळींनी धरला, आणि १९२० साली बर्लिनमध्ये सुरू झालेल्या केंद्राने तो प्रशिक्षणाचा भाग केला. आज सगळ्याच पद्धतींत तो सक्तीचा नाही. मला विचाराल तर असायला हवा.

दुसरी म्हणजे सुपरव्हिजन. अनुभवी थेरपिस्टपुढे आपलं सेशन ठेवायचं, क्लायंटची परवानगी असेल तर ध्वनिमुद्रणासकट. स्वतःचा आवाज ऐकण्याइतकी शिक्षा नाही. पहिल्या वर्षी मला कळलं की मी दर वाक्याला "हं, हं" करते, आणि शांतता चार सेकंदांच्या वर गेली की काहीतरी बोलून ती मोडते. समोरचं माणूस नेमकं रडायच्या बेतात असतानाच मी प्रश्न विचारत होते.

थेरपिस्टने आपली गोष्ट क्लायंटला सांगावी का?

यावर शंभर वर्षं भांडण चालू आहे. १९१२ साली फ्रॉईड यांनी बजावलं, की वैद्याने आरशासारखं असावं, रुग्णाला त्याचंच दाखवावं, आपलं आतलं दाखवू नये. वीस वर्षांनी त्यांचेच जवळचे सहकारी शांडोर फेरेंझी दुसऱ्या टोकाला गेले. १९३२ मध्ये त्यांनी एका रुग्ण स्त्रीबरोबर आळीपाळीने एकमेकांचं विश्लेषण करून पाहिलं. ते फार काळ झेपलं नाही, आणि का नाही ते त्यांच्या रोजनिशीत दिसतं: कोण कोणाला सांभाळतंय याचाच घोळ होतो.

तो घोळ मी स्वतः केला आहे. शिकत असताना माझ्याकडे वडील नुकतेच गेलेली एक तरुणी येत होती. तपशील ओळखू येणार नाहीत इतके मी बदलले आहेत. एका सेशनमध्ये तिने विचारलं, "तुम्हाला कधी असं झालंय का?" माझेही वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. मी म्हणाले, "हो." तिथे थांबायला हवं होतं. मी सांगत गेले. शेवटचा फोन मी उचलला नव्हता, ते सांगितलं. माझा आवाज फाटला. तिने टेबलावरचा टिश्यूचा डबा उचलला आणि माझ्याकडे सरकवला.

सुपरव्हिजनमध्ये माझ्या मार्गदर्शक बाईंनी ध्वनिमुद्रण त्या जागी थांबवलं. डब्याचा टेबलावर घासल्याचा आवाज स्पष्ट येत होता. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं की यामुळे आमचं नातं घट्ट झालं. बाई त्यावर काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी मुद्रण पुन्हा चालू केलं आणि घड्याळ काढून समोर ठेवलं. मग म्हणाल्या, "इथून पुढे अकरा मिनिटं ती तुम्हाला सांभाळते आहे. ती इथे कशासाठी येते म्हणाला होतात?"

ती यायची ते घरात सगळ्यांना तिलाच सांभाळावं लागतं म्हणून.

तेव्हापासून तोंड उघडण्याआधी मी एवढंच बघते, की हे मी कोणासाठी सांगते आहे. समोरच्याला एका वाक्याचा उपयोग होणार असेल तर एक वाक्य. "मी यातून गेले आहे, त्यामुळे ऐकताना कुठे मी माझंच तुमच्यावर लादते आहे असं वाटलं तर सांगा." बास. ज्याचं मला स्वतःलाच अजून पुरतं पचलेलं नाही, ते तर अजिबात नाही.

सांगण्याची ताकदही मोठी असते, हे मात्र नाकारत नाही. मार्शा लिनेहन यांनी वारंवार स्वतःला इजा करणाऱ्या रुग्णांसाठी डीबीटी ही पद्धत तयार केली. सतराव्या वर्षी त्या स्वतःच अशाच अवस्थेत रुग्णालयात दोन वर्षांहून जास्त काळ होत्या, हे त्यांनी जगाला सांगितलं ते २०११ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. हातावरचे जुने व्रण पाहून रुग्ण त्यांना विचारायचे, तुम्ही आमच्यातल्याच का? क्रम बघण्यासारखा आहे. आधी पद्धत, मग तिच्यावर संशोधन, मग तिची मान्यता, आणि शेवटी गोष्ट. पद्धत गोष्टीच्या आधारावर उभी नव्हती, त्यामुळे गोष्ट सांगून ती हललीही नाही.

मी माझ्या थेरपिस्टला हा प्रश्न विचारला तर चालेल का?

चालेल. शिक्षण कुठे झालं, कुठल्या पद्धतीने काम करता, सुपरव्हिजन घेता का, माझ्यासारख्या अडचणीवर पूर्वी काम केलं आहे का, ही उत्तरं तर तुमच्या हक्काची आहेत. ती द्यायला कोणी का-कू करत असेल तर दुसरीकडे जा.

खासगी वाटेबद्दल विचारलंत तर उत्तर मिळेलच असं नाही. चांगला थेरपिस्ट कदाचित उलट विचारेल, "हे कळलं तर तुम्हाला काय वाटेल असं वाटतं?" हा प्रश्न टाळण्यासाठी असतो असं वाटतं, मलाही क्लायंट म्हणून बसले होते तेव्हा तसंच वाटलं होतं आणि मी चिडले होते. पण त्या प्रश्नाच्या मागे बहुतेकदा दुसरा प्रश्न असतो: "माझं तुम्हाला झेपेल ना?" त्याचं उत्तर कोणाच्या चरित्रात सापडत नाही.

थेरपिस्टने आपल्या परिचयात लिहिलेली गोष्ट मनाला भिडली. त्यावरून थेरपिस्ट निवडावा का?

दार उघडायला ती पुरते, आत बसायला नाही. एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ साली थेरपीतल्या नात्याचे तीन धागे सांगितले: दोघांमधला विश्वास, कुठे जायचं यावर एकमत, आणि तिथे जायला काय करायचं यावर एकमत. थेरपीचा उपयोग होईल का, याचा अंदाज या नात्यावरून बऱ्यापैकी येतो, हे नंतरच्या कितीतरी अभ्यासांत दिसलं आहे. परिचय वाचून फार तर पहिल्या धाग्याचं टोक हाती लागतं. तीन-चार सेशन झाल्यावर स्वतःला विचारा, आपण कशावर काम करतोय हे मला सांगता येतं का?

सगळ्यांची दुःखं ऐकून तुम्ही थकत नाही?

थकते. पण लोकांना वाटतं तशी दुःखाने नाही. पाठोपाठ सहा सेशन, मध्ये श्वास घ्यायला वेळ नाही, नोंदी लिहायच्या राहिलेल्या, याने थकते. 'बर्नआउट' हा शब्द या अर्थाने रूढ केला हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली. दिवसभर स्वतःचा व्यवसाय करून रात्री ते एका मोफत दवाखान्यात राबायचे. तिथल्या मनापासून काम करणाऱ्या स्वयंसेवकांना, आणि स्वतःलाही, जळून कोळसा होताना पाहिलं आणि मग ते लिहिलं.

जे हवामान खातं म्हणून वाढले त्यांना हा धोका जास्त. आम्हाला थकल्याचं उशिरा कळतं, कारण लक्ष कायम दुसऱ्याच्या कडीकडे.

कामातून बाहेर पडणारेही असतात का?

असतात. आमच्या वर्गातली परिचारिका दोन वर्षांत परत वॉर्डात गेली. म्हणाली, तिथे मला हाताने काहीतरी करता येतं. तिला आम्ही सगळ्यांनी समजावलं होतं. आम्ही चुकत होतो.

तुम्ही स्वतःला 'हीलर' म्हणवून का घेत नाही?

बरं होणं ही त्या माणसाची करणी आहे, मी खोली आणि वेळ राखते.

आपली वाट जाहीर सांगायची तर त्यात घरचेही येतात. त्यांचं काय?

या प्रश्नाला आमच्याकडे पुरेसा मान मिळत नाही. क्लायंटच्या गोपनीयतेवर आम्ही तासन्‌तास बोलतो, आणि भाषणात आईचा आजार, वडिलांचं व्यसन, भावाचा तुरुंगवास बिनदिक्कत सांगून मोकळे होतो. ती गोष्ट आपली असते तेवढीच त्यांचीही असते. माझा आता साधा नियम आहे. जिवंत माणसाबद्दलचं लिखाण आधी त्याला वाचायला द्यायचं, आणि तो नको म्हणाला तर काढायचं. लेख लंगडा झाला तरी चालेल.

वर लिहिलेलं सगळं मी आईला वाचून दाखवलं. ती आता बरीच बरी आहे. ऐकताना एकदाही बोलली नाही. मी विचारलं, "काही काढू का?"

थोडा वेळ विचार करून म्हणाली, "काढू नकोस काही. पण कडी नव्हती गं त्या दाराला. खिट्टी होती. कडी तुझ्या खोलीला होती."